उपासवाली

दयारामनं जाळीनं शेवटचा मासा उचलला आणि ओट्यावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर, आधीच्या दहांच्या शेजारी ठेवला. अंगावरचा पिवळा रंग अजून उतरला नव्हता.

*

तुरीची डाळ बोअरच्या पाण्यात शिजत नाही. कितीही शिट्ट्या द्या, दाणा दाताखाली येतोच.

*

निळ्या ड्रमवर पांढऱ्या ऑइलपेंटनं ‘मासे’ असं लिहिलं आहे. लिहिताना ब्रश जास्त ओला होता. ‘मा’चा काना खालपर्यंत ओघळला आहे.

*

अंगणवाडीत बत्तीस मुलं येतात. कोणती चप्पल कोणाची, हे मदतनीस मंजुळाबाईला न विचारता कळतं.

*

बुलडाण्याच्या बसस्टँडबाहेर गरम कचोरी मिळते, सोबत तळलेली मिरची. मंगळवारी सकाळी दयारामनं दोन खाल्ल्या.

*

“म्याच मारले ते,” त्याची बायको मंजुळाबाई मागून म्हणाली. ती मोरीच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. “पोळीचा कुटका टाकला सकाळी. जास्तच झाला वाटते.”

दयाराम वळला नाही. मेहुण्याच्या तेरवीहून, रोहिणखेडहून, तो संध्याकाळच्या बसनं नुकताच आला होता. पायातले बूटही काढलेले नव्हते. समोर चार फुटांची काचेची टाकी तशीच चालू होती. पंप बुडबुडे सोडत होता, वरचा दिवा लागलेला होता आणि आत फक्त दगड होते.

अकरा मासे पोळीच्या तुकड्यानं मरत नाहीत. ते कशानं मेले हे दयारामला सकाळी साडेसातपासून माहीत होतं.

“एकच राह्यली,” मंजुळाबाई म्हणाली.

“कोन?”

“उपासवाली. गंजात ठेवली हाये.” तिनं ओट्याखालच्या उभट पातेल्याकडे हात केला.

त्यानं वर्तमानपत्राच्या चारही कडा दुमडल्या. पुडकं हाताला थंड लागलं. कढीपत्त्याच्या बुडाशी खड्डा करताना त्याला वाटलं, आताच सांगून टाकावं. मग माती सारखी करायची होती, हात धुवायचे होते. हात धुऊन होईपर्यंत तिनं ताट वाढलं होतं.

*

चिखलीच्या आगारात तीस वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून काढून दयाराम निवृत्त झाला. एकदा संभाजीनगरला दाताच्या डॉक्टरकडे बसला असताना त्यानं तिथली माशांची टाकी पाहिली आणि नंबर येऊन गेला तरी उठला नाही. बाहेर पडून त्यानं माशांचं दुकान शोधून काढलं. दुकानदारानं आधी पाण्याचं विचारलं. दयारामनं ओशाळून सांगितलं की आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, फार जड, बादलीला पांढरे थर धरतात, गिझर दोन वर्षं टिकत नाही. दुकानदार म्हणाला, मग गोल्डफिश नेऊच नका, हे पिवळे न्या. आफ्रिकेतल्या एका मोठ्या तळ्यातले, सिक्लिड जातीचे. त्यांना असंच जड पाणी लागतं.

एसटीत मांडीवर पाण्यानं फुगलेली पिशवी धरून तो घरी आला तो वेगळाच होऊन. आपल्या गावचं पाणी मानवणारा कोणीतरी भेटला, असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. ज्या पाण्यानं भांडी पांढरी पडली, डाळ कच्ची राहिली, पाहुण्यांनी पेला अर्धा ठेवला, ते पाणी कोणाला तरी हवं होतं.

पाणी शेजारच्या उकंडरावांच्या बोअरचं. दर रविवारी पाइप लावून निळा ड्रम भरायचा, दोन दिवस ठेवायचा आणि मंगळवारी टाकीतलं थोडं पाणी काढून तेवढंच ड्रममधलं घालायचं. नळाचं पाणी माशांना चालत नाही, त्यातल्या ब्लिचिंगनं त्यांचे कल्ले भाजतात, हे घरात दयारामनंच शिकवलं होतं. ड्रमवर ‘मासे’ त्यानंच लिहिलं होतं.

पहिल्यांदा मादीचे गाल फुगलेले दिसले तेव्हा मंजुळाबाई म्हणाली, हिला गालफुगी झाली. दयारामनं मोबाइलवर पाहून सांगितलं की या जातीत आई अंडी तोंडात धरते, पिल्लंही तिथंच होतात, तीन-चार आठवडे ती काही खात नाही. मंजुळाबाई बराच वेळ काचेजवळ उभी राहिली. त्या दिवसापासून त्या मादीचं नाव उपासवाली पडलं. अंगणवाडीतून आली की ती पिशवी ठेवता ठेवता विचारायची, “सोडला का उपास?”

एकदा दयारामनं एका व्हिडिओत पाहून मादीला ओल्या फडक्यात धरलं आणि आगकाडीनं तिचं तोंड उघडून पिल्लं काढून घेतली. चौदा निघाली. एकही वाया गेलं नाही म्हणून तो खूश होता. मंजुळाबाई दुसऱ्या दिवशी चहा देताना एवढंच म्हणाली,

“तिच्या तोंडात हाये ना? मंग तिच्या मनानं सोडू द्या. काडी घालून काऊन काढता?”

त्यानंतर त्यानं तसं कधी केलं नाही.

*

त्या मंगळवारी नळ अकराव्या दिवशी आला, पहाटे पाचला.

नळ आल्यावर काय करायचं हे गल्लीत कोणाला सांगावं लागत नाही. जे रिकामं असेल ते भरायचं. हंडे, टब, कुकर, पिंप, पाण्याच्या बाटल्या, पिठाचा रिकामा डबासुद्धा. डोळे उघडण्याआधी हात कामाला लागतात. मंजुळाबाई आत भरत होती आणि दयाराम अंगणात पाइप धरून उभा होता. एक भांडं भरलं की पाइप पुढच्यात. निळा ड्रम रिकामा होता, कारण रविवारी तो उकंडरावांकडे पाइप लावायला विसरला होता. पाइप ड्रममध्ये गेला. ड्रम भरला. पाइप पुढच्या टबात गेला.

तासाभरानं आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो टाकीपाशी आला. मंगळवार होता. त्यानं आठ बादल्या पाणी काढलं आणि ड्रममधलं आठ बादल्या घातलं. रविवारचं भरलेलं पाणी आहे असंच त्याच्या डोक्यात होतं. उपासवाली दगडाच्या कपारीत होती, तिचा हा नववा दिवस. दिवा लावून तो साडेसहाची बस पकडायला गेला.

बुलडाण्याला बस बदलायची होती. स्टँडवरच्या बाकावर शेजारी एक बाई पोराला पाणी पाजत होती. पोरानं मान झटकली, पाणी दयारामच्या मांडीवर सांडलं. ब्लिचिंगचा वास आला. बाई ओशाळून पदरानं पुसू लागली. दयारामला आधी ड्रमची निळी कड दिसली, मग तिच्यावर टेकलेला पाइप, मग पाइप धरलेला स्वतःचा हात.

स्टँडच्या घड्याळात साडेसात झाले होते. मंजुळाबाई साडेनऊला अंगणवाडीत जाते. एक वाक्य बोलायचं होतं: टाकीतलं पाणी काढ अन् उकंडरावकडचं टाक. त्यानं मोबाइल काढला, तिचं नाव दाबलं आणि रिंग जाण्याआधी बंद केला.

दिवाळीत त्याच्या हातून गॅस चालू राहिला होता. मंजुळाबाई वेळेवर आली म्हणून बरं. त्यानंतर महिनाभरानं तो बाजारातून पायी घरी आला आणि संध्याकाळी गाडी चोरीला गेली म्हणून पोलीस ठाण्यात जाऊन बसला. गाडी भाजीबाजारात, त्यानंच लावली होती तिथंच उभी होती. आगारातले जुने सोबती अजून ते सांगून हसतात. मुलगी मयुरी आरोग्यसेविका आहे. तिनं एका डॉक्टरचं नाव कागदावर लिहून दिलं आणि जपून बोलली की बाबा, एकदा दाखवून घेऊ. तो तिच्यावर ओरडला होता. तीस वर्षं गाड्यांच्या वायरी अंधारात बोटांनी ओळखल्यात, म्हणाला होता. तो कागद फ्रिजवर डब्याखाली अजून होता.

हा फोन केला असता तर तिसरी गोष्ट झाली असती.

टाकी मोठी आहे, तो मनाशी म्हणाला. मासे दणकट आहेत. ब्लिचिंग दरवेळी एवढं नसतं. मग त्यानं दोन कचोऱ्या घेतल्या. भूक लागलेली होती आणि कचोरी चांगली होती. पुढे कितीतरी दिवस त्याला मेलेल्या माशांआधी तेच आठवायचं, की कचोरी चांगली लागली होती.

*

मंजुळाबाई सगळ्यांना सांगत सुटली. अंगणवाडीच्या सेविकाबाईंना सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, उकंडरावांना कुंपणावरून सांगितलं की माझ्या हातानं मेले, पोळी टाकली मी.

“वहिनी,” उकंडराव म्हणाले, “आमच्या ताटात कधी दुसरी पोळी पडली नाही तुमच्या घरी, अन् मासोळ्यायले चारून मारता?”

ती हसली. उकंडरावही हसले. दयाराम पाइपाची गुंडाळी करत होता, ती त्यानं सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

मोठी टाकी बंद केली. गंजातल्या उपासवालीला त्यानं खिडकीतल्या छोट्या टाकीत सोडलं आणि तो तासन्तास तिच्यासमोर बसू लागला. ती कोपऱ्यात थांबलेली असायची. अधूनमधून जबडा हलवून तोंडातलं घोळवायची, की पुन्हा गच्च मिटून घ्यायची. तिचं पोट खपाटीला गेलं होतं. तो खायला टाकत नव्हता, तिनं घेतलंही नसतं.

एका रात्री जेवताना त्यानं सुरुवात केली.

“मयुरीची माय, ते पोळीचं…”

“भाजी घ्या आणखी,” ती म्हणाली आणि वाटी पुढे सरकवली. मग ती बाजारात मेथी कशी मिळते ते सांगू लागली. फार वेळ सांगत राहिली. मेथीवर एवढं बोलणारी बाई ती नव्हती.

त्यानं भाजी घेतली. तिनं बोलू दिलं नाही, असं स्वतःला सांगता येत होतं. पण ती वाटी सरकवत होती तेव्हा त्याला बरंच वाटलं होतं, हेही खरं होतं.

गॅसचं बटण आता ती खालून, सिलिंडरपासून बंद करून कामावर जात असे. त्याच्या गाडीची चावी तिनं लाल दोरीत ओवून दाराच्या खिळ्याला अडकवली होती. दोन्ही गोष्टींबद्दल दोघं काही बोलले नव्हते.

*

दुसऱ्या रविवारी मयुरी आली. कडेवर आठ महिन्यांची योगिनी, खांद्याला दोन पिशव्या. देऊळगाव राजा रोडवरच्या उपकेंद्रात सोमवारपासून रुजू व्हायचं होतं, रजा संपली होती. नवरा कुलदीप जालन्याच्या कारखान्यात पाळीवर, सासू नाही. तिनं सगळं आधीच ठरवून आणलं होतं. दूध किती वाजता, भात किती वाजता, झोप कधी. पिशवीतून तिनं बाटल्या, दुपटी, खुळखुळा असं सगळं काढून दिवाणावर मांडलं.

“साडेनऊ ते दीड बाबा हायेतच,” ती म्हणाली. “मंग तू येतंच. संध्याकाळच्या बसनं मी नेईन.”

मंजुळाबाई नातीच्या पायातला मोजा नीट करत होती. तो नीटच होता.

“मह्याच्यानं होनार नाही,” ती म्हणाली.

मयुरीला आधी ती थट्टा वाटली.

“बत्तीस लेकरं सांभाळतं तू.”

“ते सेविकाबाई सांभाळते. मी खिचडी शिजोतो.”

“आई, काय बोलून राह्यली तू?”

“खरं बोलून राह्यलो. एका पोळीच्या कुटक्यानं अकरा जीव गेले मह्या हातानं. लेकराचं कमीजास्त झालं तं मी काय करू?”

“मासे अन् लेकरू एक हाये का?”

मयुरीचा चेहरा हळूहळू बदलत गेला. ती दिवाणाच्या कडेवर बसली आणि म्हणाली की उद्या हजर झाले नाही तर जागा दुसऱ्या कोणाला देतील, ही नोकरी मिळवायला तिला चार वर्षं लागली, हे आईला माहीत आहे. आवाज चढला नव्हता, पण तिनं एक बाटली उचलून परत पिशवीत टाकली तेव्हा ती खाली जोरात आपटली.

दयाराम खुर्चीत होता. मंजुळाबाईनं मोजा पुन्हा ओढला, सरळ केला. तिचे हात त्याला दिसत होते. छत्तीस वर्षं पाहिलेले ते हात, ज्यांनी मयुरीला वाढवलं होतं आणि जे आता गल्लीतल्या बत्तीस मुलांची नाकं पुसत होते. ते हात अपयशी आहेत असं सगळ्यांना वाटत होतं, आणि ते त्यानं वाटू दिलं होतं.

“मासे तिनं नाही मारले,” तो म्हणाला. “म्या मारले.”

मयुरीनं मान वर केली.

“नळाचं पानी भरलं म्या ड्रममधी. अन् तेच टाकीत टाकलं. मले बुलडान्यालेच ध्यानात आलं होतं. फोन नाही केला.”

योगिनीनं खुळखुळा तोंडात घातला. दयारामला छातीत हलकं वाटू लागलं, पाणी बदलल्यावर पंपाचा आवाज मोकळा होतो तसं काहीतरी.

मंजुळाबाई हसली.

“मले पाठीशी घालून राह्यले तुह्ये बाबा,” ती मयुरीला म्हणाली. “कोन्त्या ड्रममधी? ड्रम तं रिकामा होता. पालथा पडेल होता अंगनात. त्यायनंच पाह्यला आल्यावर.” मग ती त्याच्याकडे वळली. “हाव ना?”

ड्रम पालथा होता. ते खरं होतं. संध्याकाळी रोहिणखेडहून आल्यावर अंगणातून आत येताना त्यानं पाहिला होता, स्वच्छ, कोरडा, ‘मासे’ ही अक्षरं उलटी. त्यात आठ बादल्यांनंतरही निम्म्याहून जास्त पाणी उरायला हवं होतं. त्याला ते तेव्हा सुचलं नव्हतं. आता तो आठवू लागला. पाइप, निळी कड, आपला हात. पाइप खरंच ड्रममध्ये होता की शेजारच्या टबात? मयुरी त्याच्याकडे पाहत होती, आणि ती आता मुलीसारखी पाहत नव्हती. पेशंटकडे पाहतात तसं पाहत होती. फ्रिजवरचा डबा तिच्या डोक्याच्या बरोबर मागे होता.

“हाव ना?” मंजुळाबाईनं पुन्हा विचारलं. तिचा आवाज फार मऊ होता.

“हाव,” दयाराम म्हणाला. “पालथा होता.”

“झालं मंग,” मंजुळाबाई म्हणाली. “चहा ठेवतो मी.”

मयुरीनं श्वास सोडला. “बाबा, तुम्ही पन ना,” ती म्हणाली आणि थोडंसं हसलीही.

तेवढ्यात योगिनी रांगत खिडकीखालच्या स्टुलापर्यंत गेली होती. स्टुलाला धरून ती उभी राहिली आणि तिनं छोट्या टाकीवर थाप मारली. टाकीत, तळाच्या वाळूवर, तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं पसरलेली होती. कधी सोडली होती कोणास ठाऊक. थापेसरशी ती सगळी एकदम आईकडे सुटली. उपासवालीनं तोंड उघडलं, पिल्लं आत गेली आणि तोंड मिटलं. टाकीत ती एकटीच दिसू लागली.

*

मयुरीनं ती राहते त्या गावातल्या पुष्पांजली नावाच्या मैत्रिणीला फोन लावला. तिच्या घरी दोन लहान होतेच, तिसरं ती महिनाभर पाहीन म्हणाली. पुढचं पुढे. चारच्या बसला दयाराम गाडीवर दोन्ही पिशव्या घेऊन स्टँडपर्यंत गेला. खिडकीतून मयुरी म्हणाली, आईला थोडं समजवा, तिनं मनाला फार लावून घेतलंय. तो हो म्हणाला. बस वळेपर्यंत तो हात वर धरून उभा होता.

घरी आल्यावर त्यानं चावी लाल दोरीनं खिळ्याला अडकवली. मंजुळाबाई आत पीठ मळत होती. ओट्याखाली तो गंज पडला होता ज्यात उपासवालीला त्या दिवशी ठेवलं होतं. तेव्हापासून कोणी वापरला नव्हता. पाणी आपोआप वाळून गेलं होतं आणि आत, निम्म्या उंचीवर, पांढरं गोल कडं उमटलं होतं. दयारामनं कड्यावरून अंगठा फिरवला. खरखरीत लागलं. त्या दिवशी घरात हंडे, टब, कुकर, बाटल्या, सगळं नळाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेलं होतं. नळाच्या पाण्याचं असं कडं उमटत नाही.

तो गंज घेऊन उभा राहिला. आतून परातीवर पिठाचा आवाज येत होता.

“सोडला का उपास?” मंजुळाबाईनं विचारलं.

“सोडला,” तो म्हणाला. “पोरीनं काचेवर हात मारला, तं परत तोंडात घेतले.”

“घेईनच ना.”

त्यानं गंज ओट्याखाली होता तसा ठेवला.

*

त्या मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता, दयाराम रोहिणखेडच्या वाटेवर असताना, मंजुळाबाईनं निळ्या ड्रमचं झाकण उघडून वास घेतला. मग तिनं ड्रम आडवा करून सगळं पाणी मोरीत सोडलं, आतून घासला, पुसला आणि अंगणात पालथा घातला. त्यानंतर ती कळशी घेऊन उकंडरावांकडे गेली.